थायलंडचे सण आणि तिथलं खाणं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

थायलंडला जाऊन आलेल्या बहुतेकांकडून बँकॉक, पट्टाया, बोटीची सफर आणि खरेदी याच गोष्टी ऐकायला मिळतात. सण पाहिला, देवळाच्या अंगणात बसून तिथल्या आजीबाईंबरोबर केळीची पानं दुमडली, असं सांगणारे फार थोडे. मी तीन वेगवेगळ्या सणांना तिथे गेले आहे, दोनदा सासूबाईंना घेऊन. तेव्हापासून नातेवाईक आणि मैत्रिणी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

कोणत्या सणाला जावं?

बाहेरून येणाऱ्याला सहज सामील होता येईल असे तीन मोठे सण आहेत. एप्रिलमधलं सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष. सप्टेंबर-ऑक्टोबरमधला नऊ दिवसांचा ‘जे’ उत्सव, ज्यात मांसाहार पूर्ण बंद असतो. आणि साधारण नोव्हेंबरमध्ये येणारं लॉय क्राथोंग, नदीत दिवे सोडण्याचा सण.

पहिल्यांदाच जात असाल तर लॉय क्राथोंग निवडा. हवा छान असते, गर्दी असली तरी अंगावर येत नाही, आणि घरातली मोठी माणसंही रमतात. घरात सगळे शाकाहारी असतील तर मात्र मी डोळे मिटून ‘जे’ उत्सव सांगेन. सोंगक्रान तरुणांना फार आवडतं, पण एप्रिलचं ऊन आपल्या विदर्भासारखं असतं. शिवाय चियांग माय आणि उत्तरेकडच्या भागात मार्च-एप्रिलमध्ये शेतं आणि रानं जळत असल्यामुळे हवेत धूर भरलेला असतो. दम्याचा त्रास असेल तर त्या दिवसांत उत्तरेकडे जाऊ नका.

माझं एकच आग्रहाचं सांगणं आहे: आधी सणाची तारीख पक्की करा, मग विमान आणि हॉटेल. आणि सणाच्या किमान तीन रात्री एकाच गावात काढा. पाच दिवसांत चार शहरं केली तर सण बसच्या खिडकीतूनच दिसतो.

तारखा कशा काढायच्या? दर वर्षी बदलतात का?

सोंगक्रान १३ ते १५ एप्रिल, दर वर्षी तेच. हा शब्द मुळात आपला ‘संक्रांत’च आहे. सूर्य मेष राशीत जातो ती मेषसंक्रांत, म्हणूनच पंजाबची बैसाखी आणि तमिळ नववर्षही याच सुमाराला येतात. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने सोंगक्रानचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

बाकीचे दोन सण चंद्रावर चालतात आणि इथे आपलं घरचं पंचांग कामी येतं. लॉय क्राथोंग त्यांच्या बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला असतं, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या त्रिपुरी पौर्णिमेलाच. उदाहरणार्थ २०२४ ला १५ नोव्हेंबर, दोन्हीकडे एकच दिवस. देवळाबाहेर त्रिपुर पाजळण्याची आपली पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिथे उभं राहिल्यावर वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

‘जे’ उत्सव चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यातल्या पहिल्या नऊ दिवसांत असतो. २०२३ आणि २०२४ मध्ये तो नेमका आपल्या घटस्थापनेला सुरू झाला. २०२५ मध्ये मात्र चिनी पंचांगात अधिक महिना आला आणि उत्सव महिनाभर पुढे गेला, २१ ऑक्टोबरला, आपल्या दिवाळीत. म्हणून नवरात्र धरून तिकीट काढू नका, त्या वर्षीची तारीख बघूनच काढा. थाई पंचांगातही अधिक महिना आहे, पण तो नेहमी एकाच जागी येतो: त्यांचा आठवा महिना, म्हणजे आषाढ, दोनदा येतो.

‘जे’ म्हणजे नक्की काय? आपलं शाकाहारी आणि ते एकच का?

आपल्यापेक्षा कडक. मांस, मासे, अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, तूपही नाही. त्यावर कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीच्या उग्र वासाच्या भाज्याही बंद. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या माणसाला थायलंडमध्ये निर्धास्त जेवता येईल असे हे नऊ दिवस. मात्र बटाटा, मुळा, गाजर चालतं, त्यामुळे जैन मंडळींनी कंदमुळांचं वेगळं विचारून घ्यावं.

ओळखण्याची खूण सोपी आहे. पिवळा झेंडा आणि त्यावर लाल रंगात दोन अक्षरं, जी आपल्याला इंग्रजी १७ या आकड्यासारखी दिसतात. उत्सवात खाण्याच्या गाड्यांच्या रांगाच्या रांगा या झेंड्यांनी पिवळ्या होतात. तीच खूण दुकानातल्या पाकिटांवर वर्षभर सापडते, त्यामुळे सण नसतानाही उपयोगी पडते.

एक लक्षात असू द्या. गाडीवर बदकासारखं, डुकराच्या मांसासारखं काही लटकलेलं दिसेल. झेंडा असेल तर ते गव्हाच्या चिकाचं, सोयाचं किंवा अळिंब्यांचं केलेलं असतं. सासूबाई ते बघून दोन पावलं मागे सरकल्या होत्या. तुम्हालाही नको वाटलं तर बाजूलाच तळलेला टोफू, कणसाची भजी, सुरणासारख्या कंदाचे तुकडे, भाज्या घातलेल्या शेवया असं खूप काही असतं.

या उत्सवाव्यतिरिक्त एरवीच्या शाकाहाराला थाईत ‘मांगसविरत’ म्हणतात. ‘मांसविरती’च तो! पण त्यात अंडं चालतं, हे विसरू नका.

हा उत्सव पाहायला कुठे जावं? फुकेतमध्ये गालात भाले खुपसतात म्हणे?

हो, खरं आहे. फुकेत हे या उत्सवाचं मुख्य ठिकाण. १८२५ च्या सुमारास तिथल्या काथू गावात, कथिलाच्या खाणींवर काम करणाऱ्या चिनी मजुरांसाठी एक फिरती नाटक मंडळी आली होती. साथीचा ताप पसरला, नट आजारी पडले, त्यांनी नऊ देवांचं व्रत धरलं आणि ते बरे झाले, अशी तिथली आख्यायिका. तेव्हापासून चालत आलेलं हे व्रत. जुई तुई, बांग निआव आणि काथू ही तिथली महत्त्वाची चिनी देवळं.

मिरवणुकीत ‘मा सोंग’ चालतात, म्हणजे ज्यांच्या अंगात देव येतो अशी माणसं. त्यांच्या गालांतून सळया, भाले आरपार गेलेले असतात. फटाक्यांच्या माळा अक्षरशः पायाशी फुटतात. आपल्याकडच्या जत्रांत बगाड पाहिलेल्यांना धक्का कमी बसेल, पण लहान मुलांना हे दाखवू नका असं मी स्पष्टच सांगते. मुलांना घेऊन सकाळच्या मिरवणुकीऐवजी संध्याकाळी देवळात जा. उदबत्त्यांचा धूर, पांढऱ्या कपड्यांतली कुटुंबं, अंगणात मोठ्या कढयांमधून वाढलं जाणारं जेवण, हे सगळं शांतपणे पाहता येतं.

पांढरे कपडे न्या. पाहुण्यांवर सक्ती नाही, पण पांढऱ्या कुडत्यात गेलात की लोक आपणहून जागा करून देतात. कानात घालायला कापूस आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. आणि छत्री, कारण त्या दिवसांत फुकेतला पाऊस असतो.

इतकं सोसायचं नसेल तर बँकॉकचा चायनाटाऊन, म्हणजे याओवारात रस्ता, खाण्यासाठी पुरेसा आहे. तिथे भाले नाहीत, फक्त गाड्या.

नवरात्राचे उपास असतील तर?

जमतं, आणि त्याचं कारण मजेशीर आहे. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका थायलंडमध्ये प्रचंड पिकतो. तिथे साबुदाण्याला ‘साखू’ म्हणतात आणि नारळाच्या दुधात शिजवलेली त्याची खीर गाडीवर मिळते. कधी त्यात मक्याचे दाणे असतात, ते तुमच्या घरी उपासाला चालतात का ते तुम्हीच ठरवा. पाकात शिजवलेला टॅपिओकाचा कंद, भाजलेली रताळी, शहाळं, पपई, पेरू हे तर पावलोपावली.

पण ‘साखू साय मू’ दिसलं तर हात लावू नका. पांढरे, मऊ, साबुदाण्याचे गोळे दिसतात, आत डुकराच्या मांसाचं सारण असतं. ‘मू’ म्हणजे डुक्कर.

सणाचे दिवस नसताना शाकाहारी माणसाने काय सांभाळावं?

दिसणाऱ्या मांसापेक्षा न दिसणारा मासा सांभाळायचा. भाजी डोळ्यांसमोर परतून देतात, त्यात फक्त पालेभाजी असते, आणि शेवटी बाटलीतून एक तपकिरी धार सोडतात. ते ‘नाम प्ला’, माशांचं आंबवलेलं पाणी. करीच्या वाटणात ‘कापी’, म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी. सोम ताम या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत सुकी कोळंबी, ‘फात थाय’ या परतलेल्या शेवयांतही तीच. भाजीत शिंपल्यांचा सॉस.

म्हणून ‘व्हेजिटेरियन’ म्हणून उपयोग नाही. ‘किन जे’ म्हणा, म्हणजे ‘जे खातो’. पुढे बाईने ‘खा’ आणि पुरुषाने ‘ख्राप’ जोडायचं, ते आदरार्थी. हे दोन शब्द बोललात की काय काय वगळायचं ते समोरच्याला कळतं. त्याशिवाय:

माय साय नाम प्ला: माशाचं पाणी घालू नका.
माय साय कापी: कोळंबीची चटणी नको.
माय साय खाय: अंडं नको.
माय फेत: तिखट नको.

‘काय’ म्हणजे कोंबडी आणि ‘खाय’ म्हणजे अंडं. क आणि ख यांतला फरक युरोपियन पर्यटकांना कळता कळत नाही, आपल्या जिभेवर तो जन्मापासून आहे. त्याचा फायदा घ्या, नीट उच्चार करा.

विक्रेत्या बाईंना हाक मारायची तर वयाने थोड्या मोठ्या असतील तर ‘फी’, म्हणजे ताई. आईपेक्षा मोठ्या वाटल्या तर ‘पा’, मावशी किंवा आत्या. नुसतं ‘हॅलो’ म्हणण्यात आणि ‘फी’ म्हणण्यात फार अंतर आहे. चेहराच बदलतो समोरच्याचा.

मांसाहारी आहोत, मग काय चुकवू नये?

मग तुमची चैनच आहे. चियांग मायला खाओ सोय: नारळाच्या दुधाच्या रश्श्यात अंड्याच्या शेवया, वर कुरकुरीत तळलेल्या शेवया, सोबत आंबवलेला मोहरीचा पाला आणि छोटा कांदा. लिंबू पिळून, सगळं कालवून खायचं. तिथलीच साय उआ, म्हणजे गवती चहा आणि मकरुट लिंबाची पानं घातलेलं सॉसेज. फुकेतला होक्किएन शेवया. कोकणातल्या माणसाला दक्षिण थायलंडची आंबट-तिखट माशाची करी, ‘काएंग सोम’, घरची वाटेल. आंबटपणा, हळद, ताजा मासा, सगळं ओळखीचं.

सोंगक्रान म्हणजे नुसती पाण्याची मारामारी का?

पर्यटकांना तेवढंच दाखवतात, म्हणून तसं वाटतं. १३ तारखेला सकाळी सात-साडेसातला देवळात जा. लोक चांदीच्या वाटीत पाणी आणतात, त्यात मोगऱ्याची फुलं आणि ‘नाम ओप’ नावाचं अत्तर. आधी बुद्धाच्या मूर्तीवर हळूच पाणी ओततात. मग घरातली मोठी माणसं खुर्च्यांवर बसतात, ओंजळ पुढे करतात, आणि लहानांनी एकेकाने येऊन त्या ओंजळीत पाणी सोडायचं. मागच्या वर्षात काही चुकलं असेल तर माफी मागायची. ते पाणी हातावर घेऊनच आजी आशीर्वाद देतात. थायलंडमध्ये १३ एप्रिल हा ज्येष्ठांचा दिवसही आहे.

सासूबाई बाजूला उभ्या होत्या. एका कुटुंबाने त्यांनाही खुर्ची दिली आणि तिथल्या नातवंडांनी त्यांच्या ओंजळीत पाणी घातलं. सासूबाईंना थाईतला एक शब्द कळत नव्हता. त्यांनी ‘औक्षवंत व्हा’ म्हटलं, आणि मुलांनी हात जोडून मान लववली.

दुपारी रस्त्यावर मग काय ती धमाल. चियांग मायला जुन्या शहराभोवतीच्या खंदकाच्या काठाने, बँकॉकला सीलोम आणि खाओ सान रस्त्यावर. भिक्षू, लहान बाळं आणि वृद्ध यांच्यावर पाणी उडवायचं नाही. चालत्या दुचाकीवर तर मुळीच नाही. त्या आठवड्यात तिथे रस्त्यांवर अपघातांचं प्रमाण फार वाढतं, त्यामुळे भाड्याची स्कूटर नको. फोनसाठी गळ्यात अडकवायची प्लॅस्टिकची पिशवी कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते. रेल्वे आणि बसची तिकिटं आधीच काढा, सगळा देश गावी निघालेला असतो, आपल्या गणपतीतल्या कोकण रेल्वेसारखा.

या दिवसांत खायचं काय, तर आंबा आणि चिकट भात. ‘नाम दोक माय’ जातीचा आंबा, शेजारी नारळाच्या दुधात मुरवलेला भात, वर भाजलेली मुगाची डाळ. हापूसशी तुलना करत बसू नका, तो वेगळा आंबा आहे. उन्हाळ्यात मिळणारा दुसरा पदार्थ खाओ चॅ, म्हणजे मोगऱ्याच्या सुवासिक थंड पाण्यातला भात. मूळचा मोन लोकांचा. सोबतचे पदार्थ बहुतेक मांसाहारी असतात, पण नुसता भात आणि तोंडी लावायला गोड मुळा घेतला तरी उन्हात जीव थंडावतो.

आकाशकंदील सोडावेत का?

मी नाही सोडत. उत्तरेकडे लॉय क्राथोंगबरोबरच यी पेंग साजरा होतो आणि कागदी कंदील हवेत सोडतात. फोटो सुंदर येतात, पण विझलेले कंदील तारांवर, कौलांवर, शेतांत पडतात आणि विमानांची उड्डाणं त्या रात्री रद्द करावी लागतात किंवा पुढे ढकलावी लागतात. शहरात वेळ आणि जागा प्रशासन ठरवून देतं. शहराबाहेर तिकीट लावून होणारे मोठे कार्यक्रम असतात. अशा एका कार्यक्रमाचं महागडं तिकीट मी एकदा घेतलं. चार तास बस, रांग आणि निवेदकाच्या सूचना, यात सण कुठे आला तेच कळलं नाही.

त्यापेक्षा चियांग मायच्या जुन्या शहरात पायी फिरा. घरांच्या कुंपणांवर, देवळांच्या पायऱ्यांवर मातीच्या पणत्या ओळीने लावलेल्या असतात. त्यांना ‘फांग प्रातीप’ म्हणतात. प्रातीप म्हणजे प्रदीप.

क्राथोंग विकत घ्यावा की स्वतः करावा?

क्राथोंग म्हणजे पाण्यात सोडायचा केळीच्या पानांचा दिवा. तो स्वतः करावा, आणि घाई करू नये. केळीच्या खोडाची दोन बोटं जाड चकती घ्यायची. केळीच्या पानाच्या पट्ट्या कापून त्यांच्या पाकळ्या दुमडायच्या आणि चकतीच्या कडेने टोचत जायच्या. माझ्या पाकळ्या सारख्या उलगडत होत्या. शिकवणाऱ्या आजींनी माझ्या हातातून पान घेतलं, उलटं केलं आणि शिरेच्या दिशेने दुमडून परत दिलं. पत्रावळी लावणाऱ्या माझ्या आजीनेही नेमकं हेच दाखवलं असतं. मध्ये झेंडू, तीन उदबत्त्या, एक मेणबत्ती. काही जण त्यात नाणं किंवा केसांची बट ठेवतात.

पेटवून कपाळाला लावायचा, मनात बोलायचं आणि पाण्यात सोडायचा. बोलायचं ते ‘मे खोंगखा’शी, म्हणजे गंगामाईशी. वर्षभर तुझं पाणी वापरलं, मळवलं, त्याची क्षमा कर. थाई भाषेत ‘खोंगखा’ म्हणजे गंगाच, आणि नदी कोणतीही असली तरी माई तीच.

थर्मोकोलचा घेऊ नका, टाचण्या नकोत, काड्या वापरा. पावाचा क्राथोंग माशांसाठी चांगला म्हणून विकतात, पण छोट्या तळ्यात शेकडो पाव पडले की पाणी नासतं. एका कुटुंबाने मिळून एकच सोडावा, हे तिथली बरीच मंडळी आता करतात.

देवळात आणि मिरवणुकीत काय टाळावं?

खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. पाय मूर्तीकडे करून बसू नये. कोणाच्या डोक्याला हात लावू नये, लहान मुलाच्याही. बायकांनी भिक्षूंना स्पर्श करू नये, काही द्यायचं तर समोर ठेवावं किंवा कापडावर ठेवावं. राजघराण्याबद्दल थट्टा, टीका बिलकूल नको, तिथे तो गंभीर गुन्हा आहे. माघ, वैशाख, आषाढ पौर्णिमेच्या बौद्ध सणांना दारूविक्रीवर निर्बंध असतात.

गणपतीच्या दिवसांत तिथे असलो तर?

दर्शन नक्की होईल. गणपतीला तिथे ‘फ्रा फिखानेत’ म्हणतात आणि तो कलांचा देव मानला जातो. थायलंडच्या ललित कला विभागाच्या बोधचिन्हातही तोच आहे. बँकॉकजवळच्या छाछोएंगसाओ प्रांतात ३९ मीटर उंच, उभी कांस्यमूर्ती आहे. नवरात्रात बँकॉकमधल्या सीलोम भागातल्या मरिअम्मन देवळात, ज्याला तिथले लोक ‘वात खॅक’ म्हणतात, मोठा उत्सव असतो आणि विजयादशमीला रस्त्यावरून मिरवणूक निघते. दर्शनाच्या रांगेत थाई माणसं भारतीयांपेक्षा जास्त दिसतात.

पाणी, बर्फ, पोट बिघडणं?

नळाचं पाणी पिऊ नका. मधे भोक असलेला नळीसारखा बर्फ कारखान्यातला असतो, तो सहसा चालतो. जिथे स्थानिक लोकांची रांग आहे आणि पदार्थ समोर शिजतोय तिथेच खा. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर फार जपा, कूट पुष्कळ ठिकाणी असतो. पाकिटावर २५६९ असं साल दिसलं तर घाबरू नका, ते बौद्ध सन आहे. ५४३ वजा करा, २०२६ येईल.

तिथला एखादा पदार्थ घरी करता येईल का?

खनोम क्रोक. याच्यासाठी नवीन भांडंही लागत नाही, आपलं आप्पेपात्र पुरतं. तिथे हा पदार्थ तशाच खळग्यांच्या लोखंडी तव्यावर करतात.

एक वाटी तांदळाची पिठी, दोन वाट्या नारळाचं पातळ दूध, चमचाभर साखर, चिमूटभर मीठ, एवढं सरसरीत कालवून अर्धा तास ठेवा. वेगळ्या भांड्यात एक वाटी नारळाचं दाट दूध, दोन चमचे साखर आणि पाव चमचा मीठ. पात्र चांगलं तापवा, तेलाचा हात फिरवा, खळगे पाऊण भरेपर्यंत पातळ मिश्रण घाला. कडा आळू लागल्या की मधे दाट दूध सोडा, वर कांद्याची पात किंवा मक्याचे दाणे. झाकण ठेवून मंद आचेवर चार-पाच मिनिटं. उलटायचं नाही. खाली कुरकुरीत, वर खरवसासारखं थरथरतं राहायला हवं. चमच्याने काढून दोन अर्धे एकमेकांवर मिटवा आणि गरमच द्या.